हे प्रथिन नक्की करतं तरी काय? शोधतात कसं, यावर गप्पा

पिपेटवाली

गणपतीत गावी गेले होते. आरती झाली, पानं वाढेपर्यंत आतेभाऊ शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, तुमचं काम आता संपलंच की! प्रथिनांचा सगळा प्रश्न एआयने सोडवला म्हणे, नोबेलही मिळालं." तोंडात मोदक होता, म्हणून त्याला तिथे उत्तर दिलं नाही. इथे देते. तोही हे संस्थळ वाचतो.

गेली सहा वर्षं मी एका जिवाणूच्या एका प्रथिनामागे आहे. नाव सांगत नाही, काम अजून छापून यायचंय. डेटाबेसात त्याच्यापुढे 'हायपोथेटिकल प्रोटीन' असं लिहिलंय. म्हणजे जनुक आहे, त्यावरून प्रथिन बनत असावं, पुढचं देवाला ठाऊक.

असं एखाद-दुसरंच असेल असं वाटतं ना? २०१६ साली अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने एक जिवाणू करून दाखवला. मायकोप्लाझ्मा मायकॉइड्सचा जीनोम छाटत छाटत ४७३ जनुकांवर आणला. आणखी काढलं की एकतर मरतो, नाहीतर वाढ अगदीच रखडते. थोडक्यात, जगायला लागणारा किमान संसार. त्या ४७३ पैकी १४९ जनुकं नक्की काय करतात ते कुणालाच सांगता येत नव्हतं. घरात मोजून तीन भांडी ठेवायची आणि त्यातलं एक कशासाठी ते आपल्यालाच माहीत नाही, असा प्रकार.

दुसरी अडचण 'काम' या शब्दाची. कात्री काय करते? कापते. पण शिंपी कापड कापतो, न्हावी केस कापतो, सुईण नाळ कापते. तसंच प्रथिनाचं. ते कुठली रासायनिक क्रिया घडवतं हा एक प्रश्न, पेशीच्या कुठल्या कारभारात ती क्रिया लागते हा दुसरा, आणि ते बसतं कुठे हा तिसरा. जीन ऑन्टॉलॉजी नावाची जी सामाईक शब्दसूची आहे तिच्या शाखाही याच तीन. एकाचं उत्तर मिळालं म्हणून बाकीची दोन आपोआप मिळत नाहीत.

पहिली पायरी सगळ्यांची एकच: ब्लास्ट मारायचा. आपल्या प्रथिनाचा सिक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम, द्यायचा आणि त्याच्यासारखं दुसरं कुणी आहे का ते बघायचं. १९९० पासून हा प्रोग्राम आहे आणि आमची सकाळ अजून त्यानेच होते. चांगला हिट मिळाला तर त्याचं काम तेच याचं काम, असं धरून चालायचं. माझ्याला हिट मिळाले, पण सगळे 'हायपोथेटिकल'. अनोळखी माणसाची चौकशी करायला गेले तर त्याचे अनोळखी भाऊबंदच भेटले!

मग हात ओले करायचे. जनुक ई. कोलाय जिवाणूच्या प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या कड्यात) घालायचं, प्रथिनाच्या टोकाला सहा हिस्टिडिनांची शेपटी जोडायची, कल्चर वाढलं की आयपीटीजी घालायचं, म्हणजे ते जनुक चालू करणारं रसायन. शेपटी निकेलला धरते, त्यामुळे निकेलच्या कॉलममध्ये आपलं प्रथिन अडकतं आणि बाकीचा गाळ वाहून जातो. इमिडाझोल घातलं की सुटतं. लिहायला चार ओळी लागल्या, करायला मला पहिलं अख्खं वर्ष लागलं. ३७ अंशांवर वाढवलं की प्रथिन नीट घडी न पडता गोळा होऊन बसायचं. जेल लावायची (तिच्यात प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत वेगळी होतात), कोमासी रंगाने रंगवायची, रंग धुवत बसायचं आणि रात्री साडेदहाला दिव्यावर धरून बघायचं: सुपरनेटंटची (वरच्या द्रवाची) लेन कोरी, पेलेटच्या (तळाच्या गाळाच्या) लेनमध्ये अंगठ्याएवढा जाड निळा पट्टा. म्हणजे माल भरपूर, पण सगळा गोठलेला, चाचणीला निरुपयोगी. शेवटी तापमान १८ अंश, आयपीटीजी दहावा हिस्सा, आणि रात्रभर हळूहळू. तेव्हा कुठे सुपरनेटंटमध्ये फिकट पट्टा उमटला. आणि नेमक्या दुसऱ्या खेपेला वीज गेली. जनरेटर लागला, दिवे लागले, एसी लागला. फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या शेकरचा प्लग तेवढा जनरेटरच्या लाइनवर नव्हता. सकाळी फ्लास्कच्या तळाशी सगळं शांत बसलेलं.

तर बाळा, काम संपलेलं नाही. बाकीच्यांनी विचारा काय विचारायचं ते.

खवय्या

शीर्षक वाचून डाळ-उसळीचा धागा समजून आलो होतो. तरी वाचला. पॉपकॉर्न घेऊन बसतोय (त्यात प्रथिन किती ते नंतर सांगा).

कोडेकरी

लेख छान, पण मी आतेभावाच्या बाजूने. अल्फाफोल्डवाल्यांनी (सिक्वेन्सवरून प्रथिनाची रचना ओळखणारं ते नोबेलवालं एआय) २०२२ मध्ये २० कोटींवर प्रथिनांच्या अंदाजित रचना खुल्या करून टाकल्या. आता तर रचनेवरून रचना शोधणारी फोल्डसीकसारखी साधनंही आहेत. कुलूप डोळ्यांसमोर आहे, मग किल्ल्या लावून बघणं हे संगणकाचंच काम नाही का? तुम्ही अजून फ्लास्क हलवत का बसता, हे खरंच कळत नाही. (चिडवत नाहीये, कुतूहल आहे.)

पिपेटवाली

@कोडेकरी, चिडवलंत तरी चालेल. कढई बघून तिच्यात भजी तळली की रस्सा केला ते सांगता येतं का? प्रथिनांच्या जगात टिम बॅरल नावाची घडण आहे. आत आठ पट्ट्यांचं पिंप, बाहेरून आठ मळसूत्रं. इतकी सोयीची की साखरेवर काम करणाऱ्या विकरांपासून (एन्झाइम्स, रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) डीएनएच्या घटकांवर काम करणाऱ्यांपर्यंत ढीगभर विकरांनी तीच वापरली आहे. घडण कळली, पण काम ठरतं ते पिंपाच्या तोंडाशी असलेल्या चार-दोन अमिनो आम्लांवर आणि तिथे धातूचा कुठला अणू बसतो त्यावर.

दुसरं उदाहरण माझं लाडकं. बदकाच्या डोळ्याच्या भिंगात एक पारदर्शक प्रथिन भरलेलं असतं, एप्सिलॉन क्रिस्टलिन. तपासलं तर ते निघालं लॅक्टेट डिहायड्रोजनेज, म्हणजे चयापचयातलं नेहमीचं विकर! प्रथिन तेच. बाकी शरीरात ते रसायनं बदलतं, भिंगात प्रकाश वळवतं. रचना कितीही अचूक काढा, 'हे बदकाच्या डोळ्यात काच म्हणून बसतं' हे त्या रचनेत लिहिलेलं नाही.

पण संगणक नको असं मी म्हणतच नाहीये. माझ्या प्रथिनाला सिक्वेन्सवरून काही मिळालं नव्हतं. फोल्डसीकने एका कुळाशी दूरचं नातं दाखवलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की विकर असण्याची शक्यता आहे. चार वर्षं अंधारात गेल्यावर तेवढ्यानेही पेढे वाटावेसे वाटले.

अटकेपार

कोडेकरींच्या कुलूप-किल्लीची एक गोष्ट माझ्याकडे आहे, आणि ती त्यांच्या बाजूने जाते.

थर्मोटोगा मॅरिटिमा हा उकळत्याच्या जवळपासच्या पाण्यात राहणारा जिवाणू. त्याच्या टीएम०९३६ या प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी काढून झाली होती, काम मात्र माहीत नव्हतं. एका गटाने संगणकावर हजारो चयापचयी रेणू त्याच्या खाचेत बसवून पाहिले, याला डॉकिंग म्हणतात. पण युक्ती अशी की रेणू नेहमीच्या रूपात बसवले नाहीत. क्रिया चालू असताना मधल्या क्षणी ते जसे वाकडे होतात त्या रूपात बसवले, कारण विकराची खाच त्या मधल्या रूपालाच घट्ट धरते. यादीत वर आले ते सगळे ॲडेनीनचे भाईबंद. त्यातले चार रेणू खऱ्या प्रथिनाबरोबर नळीत टाकले, तीन धडाधड चालले. मग तयार झालेल्या रेणूसकट स्फटिक करून पाहिला, तर तो संगणकाने सांगितला होता जवळजवळ तसाच बसलेला. २००७ मध्ये नेचरमध्ये आलं होतं. आमच्या ग्रुपमध्ये नवीन मुलांना आजही हाच पेपर पहिल्यांदा वाचायला देतात.

कोडेकरी

बघा!!

अटकेपार

बघितलं. पण शेवटी चार रेणू नळीत टाकावेच लागले, आणि त्यातला एक नापास झाला, हेही बघा.

जुनामास्तर

मी निवृत्त शिक्षक, ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आमच्या वेळी 'एक जनुक, एक विकर' शिकवायचो. बीडल आणि टेटम यांनी १९४१ मध्ये न्यूरोस्पोरा बुरशीवर क्ष-किरण सोडले आणि एकेक बीजाणू वेगळ्या नळीत वाढवला. साध्या अन्नावर जो वाढत नाही त्याला एकेक पदार्थ पुरवून बघायचं. २९९ व्या नळीतली बुरशी ब-६ जीवनसत्त्व दिल्यावरच वाढली. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरचीही ऐकायची, कारण २९८ नळ्या फुकट जाऊनही गडी थांबले नाहीत.

माझा प्रश्न: आता तुम्ही क्ष-किरण मारून नशिबावर सोडत नसाल. हवं तेच जनुक काढता येतं का? आणि काढल्यावर जिवाणू मजेत राहिला तर काय समजायचं?

पिपेटवाली

सर, दुसऱ्या प्रश्नात तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

पहिल्याचं उत्तर: हो, नेमकं काढता येतं. जपानमध्ये ई. कोलायचं एकेक जनुक काढून ३९८५ जिवाणूंचा संच केलाय, कीओ कलेक्शन म्हणतात, २००६ चा. यीस्टचा संच त्याच्याही आधीचा. तेव्हाच एक चकित करणारी गोष्ट कळली होती. यीस्टच्या जनुकांपैकी साधारण पाचवा हिस्साच असा की तो काढला तर पेशी जगत नाही. बाकीची काढा, प्रयोगशाळेतल्या सकस खुराकावर बहुतेकांचं काही अडत नाही.

पण होस्टेलच्या मेसमध्ये जेवणाऱ्या मुलाला स्वयंपाक येतो की नाही ते कसं कळणार? त्याला खोलीवर राहायला पाठवा, मग दोन दिवसांत कळतं. २००८ साली यीस्टच्या त्याच संचाला हजाराहून जास्त वेगवेगळ्या परिस्थितींत टाकून पाहिलं, कुठे औषधं, कुठे तुटपुंजा आहार. तेव्हा ९७ टक्के जनुकांच्या बाबतीत कुठे ना कुठे फरक दिसलाच. म्हणून 'काढलं तरी काही झालं नाही' याचा अर्थ आम्ही असा घेतो की आपण अजून त्याला योग्य ठिकाणी अडवलेलं नाही.

माझा नॉकआऊट, म्हणजे माझ्या प्रथिनाचं जनुक काढलेला जिवाणू? मेसमध्ये मजेत आहे.

रानमेवा

थोडी वेगळी, पण आपल्या घरची गोष्ट सांगते. मी पूर्वी क्षयाच्या जिवाणूवर काम करायचे.

एच३७आरव्ही या क्षयाच्या जिवाणूचा जीनोम १९९८ मध्ये वाचून झाला. जवळपास ४००० जनुकं. त्यातल्या ३६ जनुकांना एकच लेबल लागलं, फॅडडी. का, तर त्यांचा सिक्वेन्स एका ओळखीच्या विकर-कुळासारखा. मेदाम्लाला कोएंझाइम-ए जोडून द्यायचं, पुढे ते जाळून ऊर्जा काढायची, असं ते कुळ. पटण्यासारखंही होतं, क्षयाचा जिवाणू मेदावर जगतोच.

पण दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत राजेश गोखले यांच्या गटाला एक गोष्ट खटकली. यातली काही जनुकं पॉलिकिटाइड सिंथेजच्या जनुकांना अगदी खेटून बसली होती. हे सिंथेज म्हणजे जिवाणूच्या कवचातले लांबलचक मेद घडवणारे कारखाने. मेदाम्ल जाळणाऱ्याचं कारखान्याच्या दारात काय काम? त्यांनी प्रथिनं शुद्ध केली, नळीत मेदाम्ल, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन, एएमपी त्यातूनच येतो), कोएंझाइम-ए सगळं घातलं आणि काय तयार होतं ते पाहिलं. नेहमीचं विकर दोन टप्प्यांत काम करतं. आधी मेदाम्लाला एएमपी जोडतं, मग तो काढून कोएंझाइम-ए लावतं. ही पठ्ठी पहिल्या टप्प्यावरच थांबत होती! एएमपी लावलेलं मेदाम्ल थेट शेजारच्या सिंथेजच्या हातात. म्हणजे जाळायला नाही, बांधायला. २००४ मध्ये हे नेचरमध्ये आलं आणि त्यांना नवीन नाव मिळालं, फाल. ते कवचातले मेद जिवाणूला आपल्या शरीरात टिकून राहायला मदत करतात, त्यामुळे औषधं शोधणाऱ्यांची नजर आता फालवर असते.

माझी आई म्हणायची, डब्यावरच्या चिठ्ठीवर विसंबू नको, झाकण उघडून वास घे. जिरे समजून ओवा पडायचा. इथे सहा वर्षं चिठ्ठी जिऱ्याची होती.

कोडेकरी

हे भारी आहे. मग सांगा, बाकीच्या चिठ्ठ्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? आम्ही या डेटाबेसांवर मॉडेल शिकवतो. ओव्याला जिरे म्हणायला शिकवत असू तर अवघड आहे.

अटकेपार

शिकवत असालच थोडंफार. २००९ मध्ये कुणीतरी ही झाडाझडती घेतली होती. प्रयोगांनी नीट अभ्यासलेली ३७ विकर-कुळं निवडली आणि चार मोठ्या डेटाबेसांत त्यांची लेबलं किती बरोबर ते तपासलं. माणसांनी वाचून-तपासून भरलेल्या स्विस-प्रॉटमध्ये चुका जवळजवळ शून्य. आपोआप भरल्या जाणाऱ्या बाकीच्यांत मात्र ३७ पैकी १० कुळांची अवस्था अशी की कुठल्या ना कुठल्या डेटाबेसात ८० टक्क्यांवर लेबलं चुकीची. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे आगाऊपणा. 'हे अमुक कुळातलं आहे' इथवरच पुरावा असताना 'हे अमुक क्रियाच करतं' असं ठोकून द्यायचं. मग ते लेबल बघून दुसऱ्याला तेच, त्याचं बघून तिसऱ्याला.

उपाय साधा आहे, फक्त कुणी करत नाही. प्रत्येक लेबलाशेजारी पुराव्याचा संकेत असतो. आयडीए असेल तर कुणीतरी प्रत्यक्ष चाचणी केली आहे. आयईए असेल तर यंत्राने चिकटवलंय, माणसाने बघितलेलं नाही.

खवय्या

म्हणजे व्हॉट्सॲप फॉरवर्डच की. 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असं लिहितात तसा शिक्का.

अटकेपार

@खवय्या, हसू नका, अगदी तसाच.

कोडेकरी

पिपेटवाली ताई, एक विचारू? रानमेवांच्या गोष्टीत शेजाऱ्यावरून सुगावा लागला. तुमच्या प्रथिनाच्या जनुकाचे शेजारी कोण?

पिपेटवाली

चांगला प्रश्न. जिवाणूंमध्ये एकाच कामाची जनुकं बऱ्याचदा एका ओळीत असतात, म्हणून आम्हीही पहिल्या वर्षीच बघितलं होतं. उजवीकडे एक नियंत्रक (जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन), त्यावरून काही कळत नाही. डावीकडे साखर आत आणणारं वाहक प्रथिन. म्हणून तर आम्ही गेली दोन वर्षं साखरा लावतोय. ग्लुकोज, अरॅबिनोज, झायलोज, रॅमनोज, दुकानात मिळतील त्या सगळ्या. नॉकआऊट ढिम्म.

कोडेकरी

आणि त्या वाहकाच्या 'साखर' या शब्दाला पुरावा कुठला? आयडीए की आयईए?

पिपेटवाली

...

उद्या बघून सांगते.

जुनामास्तर

वर्गात असा प्रश्न विचारणारा एखादाच असतो, आणि त्याच दिवशी आपण तयारी करून गेलेलो नसतो.

पिपेटवाली

बघितलं. आयईए.

मागोवा काढत गेले. आमच्या वाहकाला लेबल एका दुसऱ्या जिवाणूच्या वाहकावरून, त्याला तिसऱ्यावरून. तिसऱ्याचाही आधार 'समानतेवरून' एवढाच. प्रत्यक्ष चाचणी झालेलं जे सगळ्यात जवळचं प्रथिन सापडलं त्याचं आमच्याशी साम्य २६ टक्के, आणि ते साखर नाही, एक लहान सेंद्रिय आम्ल आत घेतं. गाईडना सांगितलं तेव्हा ते आधी गप्प बसले, मग म्हणाले, "चहा सांग."

मला राग कुणाचा आलाय तर स्वतःचा. परक्याचं लेबल मी दहा वेळा तपासलं असतं. हे पहिल्या वर्षी वहीत लिहिलं गेलं आणि मग वहीतलं म्हणून खरं झालं.

रानमेवा

अगं, होतं असं. आणि काम सापडेल तेव्हा ते भलतंच काहीतरी निघेल याचीही तयारी ठेव. वायजेजीएफ कुळाचं आठवतंय ना? जिवाणूपासून माणसापर्यंत सगळ्यांत आहे आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नाही. साल्मोनेलामधून त्याचं जनुक काढलं की सेरीन दिल्यावर वाढ अडखळायची, एवढाच धागा हातात. २०१२ मध्ये उलगडलं: दुसरं एक विकर काम करताना एक घातक, चिडका रेणू मध्येच तयार होतो, आणि हे प्रथिन तो लगेच निकामी करून टाकतं. मांडवात जेवणावळ चालू आहे आणि हा गडी मागून उष्टी उचलतोय. वाढप्यांच्या यादीत शोधून तो कसा सापडणार?

पिपेटवाली

हे वाचून बरं वाटलं. चिडका रेणू असेल तर तो डॉकिंगच्या यादीतही बहुधा नसतोच, नाही का @अटकेपार?

अटकेपार

यादीत जे घालाल तेच वर येणार. म्हणून आधी वाढीचा फरक शोध, डॉकिंग मी नंतर करून देतो. रचना पाठव. आणि नियंत्रकाला सोडू नकोस, तो कुठल्या रेणूला बघून जागा होतो ते कळलं तर अर्धं काम झालं.

खवय्या

मग आता पुढे काय? धागा अर्ध्यावर सोडू नका, मी अजून पॉपकॉर्न संपवलेले नाहीत.

पिपेटवाली

सोमवारी ९६ खणांची प्लेट लावतेय. साखरा बंद. ॲसिटेट, सक्सिनेट, लॅक्टेट, प्रोपिओनेट आणि अशी आणखी वीसेक आम्लं, प्रत्येक खणात खाण्यापुरतं एकच. एका ओळीत मूळ जिवाणू, दुसरीत नॉकआऊट, तिसरीत जनुक परत घातलेला नॉकआऊट. तिसरी ओळ नसेल तर परीक्षक आपल्याला उभंही करत नाहीत, आणि बरोबरच आहे. जनुक परत दिल्यावर गाडी रुळावर आली तरच दोष त्या जनुकाचा. ४८ तास, दर अर्ध्या तासाला गढूळपणाचं मोजमाप, जितकी वाढ तितकं गढूळ. काही दिसलं तर इथेच येऊन सांगेन, नाही दिसलं तरी सांगेन.

आणि हो, या वेळी प्लग स्वतः जाऊन बघितलाय. लाल सॉकेट. जनरेटरच्या लाइनवर आहे.